आणखी एक बटाटा

सिंगापूरमध्ये मी ज्या माणसावर सगळ्यात जास्त चिडले, तो माझा बॉस नव्हता, नवरा नव्हता आणि मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देणारी माझी मुलगीही नव्हती. ते होते जोगकाका. विनायक जोग, मूळचे मिरजेचे, 'द लेझी हेरन' नावाच्या पबचे चालक, मालक आणि आचारी. खरं तर वाढपीच, कारण बाकी सगळी कामं ते वाढायला मिळावं म्हणून करायचे, अशी माझी खात्री आहे.

पब म्हटल्यावर मिरजेतल्या त्यांच्या पुतण्यांच्या डोळ्यांपुढे काय यायचं देव जाणे. प्रत्यक्षात ती अगदी घरगुती जागा होती. तोआ पायोहपासून बसने थोडं पुढे गेलं की खाली दुकान आणि वर घर अशा जुन्या दुमजली शॉपहाउसांची एक रांग लागते. तिथे एका बाजूला सायकल दुरुस्तीचं दुकान, दुसऱ्या बाजूला दातांचा दवाखाना आणि मध्ये हेरन. बिअर मिळायची, पण बिअरसाठी तिथे कुणी येत नसे. लोक जेवायला यायचे, त्यातही रविवारी दुपारी, रोस्टसाठी. भाजलेलं मटण, चिकन किंवा बीफ, सोबत बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखे बटाटे, गाजरं, कोबी, वरून ग्रेव्ही आणि शेजारी ते यॉर्कशायर पुडिंग. नावाला पुडिंग, पण गोड नाही. भट्टीत टम्म फुगलेली, मध्ये खोलगट अशी ती मैद्याची वाटी असते. इंग्रजांचं हे रविवारचं जेवण काका जहाजावर नोकरीला असताना शिकले. पुढे इथल्या हॉटेलांत त्यांचा हात बसला. शेवटी हेरनचा मूळ मालक, एक गुडघे दुखणारा इंग्रज, मायदेशी परत जाताना पब त्यांच्या गळ्यात घालून गेला. 'गळ्यात घालून' हे काकांचे शब्द. तो म्हणे किल्ल्या टेबलावर ठेवून सरळ निघून गेला, विचारायलासुद्धा थांबला नाही. थांबला नाही म्हणूनच ते जमलं, हे मला फार उशिरा कळलं.

बीफ ते करायचे पण खायचे नाहीत. का खात नाही असं कुणी विचारलंच, तर दातांचं कारण सांगायचे. शेजारी दातांचा दवाखाना असूनही ते कारण वर्षानुवर्षं चाललं.

आमची ओळखही वाढण्यावरूनच झाली. आम्ही नुकतेच त्या भागात राहायला आलो होतो. नवऱ्याच्या ऑफिसात कुणी तरी हेरनचं नाव सांगितलं होतं म्हणून एका रविवारी गेलो. ताट आलं ते बघूनच मी घाबरले. अर्धं संपवल्यावर नवऱ्याला हळूच म्हणाले, "हे काही संपायचं नाही. डब्यात भरून द्या म्हणू या का?" मागून आवाज आला, "डबा मिळणार नाही. गरम आहे तोवर खाऊन घ्या." वळून बघते तर पांढरा एप्रन, कपाळावर घाम, हातात बटाट्यांचा ट्रे आणि चेहऱ्यावर अस्सल दक्षिण महाराष्ट्राचा आग्रही आनंद. मी "बास, बास" म्हणेपर्यंत माझ्या ताटात आणखी एक बटाटा येऊन पडला होता. हा पुढे माझ्या आयुष्याचा क्रमच झाला.

कारण मी अकाउंटंट आहे, हे मी त्याच दिवशी चुकून बोलून बसले. महिन्याभरात हेरनचे हिशेब, जीएसटी आणि लायसन्सचे कागद माझ्याकडे आले, आणि कपाळाला हात लावण्याची माझी कारकीर्द सुरू झाली. काका दुसऱ्यांदा वाढलेल्याचे पैसे लावत नसत. "वाढलेल्याचं बिल करतात का कुठे?" असं मलाच विचारत. घरपोच पार्सलच्या ॲपवर यायला त्यांचा ठाम नकार, कारण स्कूटरवरच्या मुलाला आग्रह कसा करणार? एकट्याने आलेल्या माणसाला ते वेगळं टेबल देत नसत. सगळ्या एकट्यांना मधल्या लांब टेबलावर पंगतीला बसवल्यासारखं ओळीने बसवत. त्यांतले अर्धे लोक एकटं बसता यावं म्हणूनच बाहेर पडलेले असायचे, हे त्यांना सांगून उपयोग नव्हता.

त्यांचं एक शास्त्र होतं. ते मला इतक्या वेळा ऐकावं लागलं आहे की झोपेतही म्हणून दाखवीन. "पहिलं नको तोंडाचं, दुसरं नको रिवाजाचं, तिसरं नको पोटाचं. तिसऱ्याला थांबायचं." या शास्त्राप्रमाणे हेरनमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला, तो लंडनचा असो, तैपेईचा असो की इथल्याच वुडलँड्सचा, तीनदा नाही म्हणावं लागे. रोझलिन, त्यांच्याकडे ऑर्डर घेणारी फिलिपिनो बाई, नव्या गिऱ्हाइकाला मेन्यूबरोबरच हे समजावून सांगायची. "से नो थ्री टाइम्स, सर. अदरवाइज ही विल नॉट बिलीव्ह."

एकदा कुणा बँकवाल्या इंग्रजाने नेटवर लिहिलं की जेवण उत्तम आहे, असे बटाटे आपण आपल्या आईच्या घरीही खाल्ले नाहीत, पण या ठिकाणी माणसाचं ऐकून घेतलं जात नाही. मी ते काकांना वाचून दाखवलं आणि म्हणाले, "काका, लोक वैतागतात."

"बटाटा ताटात टाकून गेला का तो?"

"नाही. खाल्ला."

"मग ऐकलं ते बरोबरच ऐकलं की," काका म्हणाले आणि गाजरं सोलायला लागले.

इथवर हे सगळं गमतीचं होतं. माझं डोकं उठायचं ते याच शास्त्राच्या दुसऱ्या बाजूने. जोगकाका स्वतः पाहुणे असले की तेही तीनदा नको म्हणत. आमच्याकडे आले की चहा नको, बसायला खुर्ची नको, पंखा नको. सिंगापूरच्या उकाड्यात माणूस घामाने निथळतोय आणि पंखा नको. आम्ही आपले मराठी, आम्हाला सवय. तिसऱ्यांदा विचारलं की त्यांचा चेहरा खुलायचा आणि "बरं, एवढं म्हणताय तर" म्हणून ते पंख्याखालीच येऊन बसायचे. पण माझी मुलगी इरा इथे जन्मलेली, इथल्या शाळेत वाढलेली. एका पाडव्याला मी तिच्या हाती श्रीखंडाची वाटी देऊन तिला बाहेर पाठवलं.

"काका, श्रीखंड. यू वाँट ऑर नॉट?"

"नको गं बाळा."

"ओके," इरा म्हणाली, आणि वाटी घेऊन सोफ्यावर बसून तिने ते श्रीखंड चाटूनपुसून खाल्लं. काका तिच्या प्रत्येक चमच्याकडे बघत होते. मी धावत दुसरी वाटी आणली तेव्हा मला म्हणाले, "असू दे, पोर गुणी आहे. पण हिला विचारायचं कसं ते शिकव." मी इराला समजावायला गेले तर ती म्हणाली, "ही सेड नो, आई. नो इज नो. टीचरने सांगितलंय."

असे किस्से ते स्वतःच सांगायचे, पण त्यांत चूक नेहमी समोरच्याची असायची. जहाजावर कॅप्टनने त्यांना मुख्य आचारी करायचं ठरवलं. यांनी रिवाजाप्रमाणे "मी कसला, माझी काय लायकी" म्हटलं, आणि कॅप्टनने त्यांच्या हाताखालच्या एका पोर्तुगीजाला केलं. "रीत नव्हती त्या माणसाला," काका सांगायचे. लग्न का केलं नाहीत असं मी एकदा विचारलं, तर "योग नव्हता" एवढंच म्हणाले. माझा अंदाज वेगळा आहे, पण तो मी बोलून दाखवला नाही.

आता मिस्टर लिम. हेरनची जागा त्यांची. सत्तरी ओलांडलेले, बारीक, कमी बोलणारे. दर रविवारी बरोबर खिडकीजवळच्या टेबलावर यायचे, मटणाचं रोस्ट मागवायचे आणि ग्रेव्ही बाजूला सारून सोया सॉसमध्ये कापलेल्या लाल मिरच्यांबरोबर खायचे. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर काकांनी त्याला बाहेर काढलं असतं. लिमसाठी मिरच्यांची बशी ते आधीच कापून ठेवत. दोघं फारसं बोलत नसत. एकाने वाढायचं, दुसऱ्याने तीनदा नको म्हणायचं. लिमना ते शास्त्र पाठ झालं होतं. दर रविवारी तिसरं नको म्हणताना ते जरासे हसायचे.

गेल्या वर्षी जागेचा करार संपत आला. लिमच्या मुलाला त्या जागेत पिलाटेसचा स्टुडिओ काढायचा होता. गादीवर पडून हातपाय ताणायचे आणि घरी जायचं, असा तो प्रकार. रोझलिनच्या कानावर ते कुठून तरी आलं आणि तिने मला सांगितलं. मी त्याच संध्याकाळी काकांना गाठलं. हेरन गेलं तर काकांकडे दुसरं काही नव्हतं. तोआ पायोहमध्ये एक भाड्याची खोली होती, ती फक्त झोपण्यापुरती. बाकी सगळा माणूस या स्वयंपाकघरात राहत होता, आणि या वयात दुसरीकडे भट्टी लावायला त्यांना कुणी जागा देणार नव्हतं.

"काका, लिम तुम्हाला विचारतील. म्हातारा सरळ आहे, विचारल्याशिवाय काही करणार नाही. विचारलं की तुम्ही फक्त येस म्हणायचं. एक शब्द."

"अगं हो. कळतं मला."

"म्हणून दाखवा. मी लिम आहे. मिस्टर जोग, तुम्हाला जागा पुढे हवी आहे का?"

"तुमची काही अडचण नसेल तर..."

"काका."

"बरं बरं. येस."

चांगल्या चार वेळा मी त्यांच्याकडून ते घोकून घेतलं. शेवटी ते इतके वैतागले की येस म्हणत त्यांनी माझ्यापुढे पुडिंगची बशी आपटली. मी निश्चिंत झाले. इतकी वर्षं त्या माणसाला ओळखून निश्चिंत झाले, याचं आजही नवल वाटतं.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम लिमच्याच टेबलावर जाऊन बसले. जेवण झालं. लिमनी काटा-चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि काकांना खुर्ची ओढून समोर बसायला सांगितलं. ते म्हणाले, "अंकल जोग, करार संपतोय. माझ्या मुलाला जागा पाहिजे. पण मी आधी तुला विचारतो. यू वाँट टू कंटिन्यू ऑर नॉट?"

मी टेबलाखालून काकांच्या बुटावर पाय ठेवला. काका हसले. लग्नात वरपक्षाकडून आहेर देऊ केल्यावर माणसं जशी हसतात तसे. आणि म्हणाले, "नो, नो, मिस्टर लिम. तुमचा मुलगा आधी. माझं काय, मी म्हातारा माणूस."

मी बुटावरचा पाय जोरात दाबला. लिम त्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "यू शुअर आ?"

"शुअर, शुअर," काका म्हणाले.

मी मध्ये पडले. "मिस्टर लिम, त्यांना असं म्हणायचंय की..." एवढं बोलते तोच काकांनी टेबलावरच्या भांड्यातून एक बटाटा उचलून माझ्या ताटात वाढला, आणि मराठीत, हसू जराही ढळू न देता म्हणाले, "मोठी माणसं बोलतायत ना?"

"ओके लाह," लिम म्हणाले. उठले, काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले.

त्यानंतर आमच्यात जे बोलणं झालं ते हेरनच्या मागच्या गल्लीत झालं, म्हणून बरं. दातांच्या दवाखान्यातली बाई तरीही बाहेर येऊन बघून गेली. मी म्हणाले, "तुम्ही नको का म्हणालात?"

"दोनदाच म्हणालो की. त्यांनी पुन्हा विचारायला नको?"

"ते चिनी आहेत, काका. ते का विचारतील तिसऱ्यांदा?"

"इतकी वर्षं माझ्या हातचं खातायत. त्यांना रीत माहीत आहे. दर रविवारी तीनदा नको म्हणतात. येत्या रविवारी विचारतील बघ."

"मग आत्ता फोन करून सांगा, मला हवंय म्हणून."

यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांना चोरी करायला सांगत होते. "मागून घेतलेलं गोड लागत नाही," म्हणाले. "आणि तूही जायचं नाहीस. माझी शपथ आहे."

मी पाय आपटत घरी गेले. नवऱ्याला सगळं सांगितलं तर तो हसला, त्याच्याशीही भांडले. पुढच्या रविवारी काकांनी मिरच्यांची बशी भरून ठेवली. लिम आले, जेवले, मान वर न करता गेले. त्याच्या पुढच्या रविवारी आलेच नाहीत. बशीतल्या मिरच्या तशाच सुकल्या. काका दारातून रस्त्याकडे बघत आणि मी बघतेय हे दिसलं की मेन्यूचा बोर्ड पुसायला लागत. मग मी शपथ-बिपथ गुंडाळून ठेवली आणि लिमच्या घरी गेले.

लिमनी मला चहा दिला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मी दोनदा विचारलं. तुझ्या समोर विचारलं. मुलगा माझ्यावर चिडला होता, विचारतोस कशाला म्हणून. माझ्या मनात होतं, हा येस म्हणाला की मुलाला सांगतो, कॅनॉट, मी शब्द दिलाय. पण तो नो म्हणाला. आता मुलाने ठेकेदाराशी सही केली."

"त्यांना येसच म्हणायचं होतं," मी म्हणाले.

"मग नो का म्हणाला? बटाट्याला मी नो म्हणतो, ती त्याची गंमत. ही तर त्याच्या पोटापाण्याची गोष्ट."

मी म्हणाले, "आमच्यात असंच असतं."

लिमनी कप खाली ठेवला. "रोज?" त्यांनी विचारलं. "व्हेरी टायरिंग, आ."

टायरिंग तर खरंच. मला रडू आणि राग एकदमच येत होता. या दोन म्हाताऱ्यांना एकच गोष्ट हवी होती. एका टेबलावर समोरासमोर बसून त्यांनी ती घालवली, आणि मी मध्ये बसून बटाटा खात होते.

काकांना हे मी सांगितलं नाही. सही झाली होती. उगाच जखमेवर मीठ कशाला, असं वाटलं. त्यांनी पुतण्याला फोन करून मिरजेला येतो म्हणून कळवलं. पुतण्या काय म्हणाला असेल आणि यांनी किती वेळा नको म्हटलं असेल, हे मी विचारलं नाही.

शेवटच्या रविवारी हेरनबाहेर रांग लागली होती. एकेकटे येणारे सगळे त्या दिवशी आपणहून लांब टेबलावर जाऊन बसले. काका ट्रे घेऊन फिरत होते, नेहमीसारखेच, प्रत्येकापाशी तीनदा. लिम आले नाहीत. चार वाजता सगळं आवरलं. रोझलिन आत भांडी घासत होती. काका, इरा आणि मी लांब टेबलाच्या एका टोकाला जेवायला बसलो. काका सगळ्यांच्या शेवटीच जेवत. इरा फोनमध्ये होती. काका बटाटा मोडत म्हणाले, "एका अर्थी बरंच झालं. लिमच्या मनात आपण नव्हतोच. मनात असतं तर माणूस पुन्हा विचारतो. त्यांनी आपलं सुटका झाल्यासारखं ओके म्हटलं."

मी गप्प बसायचं ठरवलेलं, पण हे ऐकून घेणं शक्य नव्हतं. इतका चांगला माणूस आणि त्याला वाईट ठरवून हे मिरजेला जाणार. मी चमचा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मी त्यांच्या घरी गेले होते, शपथ मोडून. लिम काय म्हणाले. मुलाला नाही म्हणायला त्यांना तुमचं फक्त एक हो पाहिजे होतं. त्यांना तुम्हीच हवे होतात, काका.

मला वाटलं ते रागावतील. ते रागावले नाहीत. "असं म्हणाले?" एवढंच विचारलं.

"हो."

"कॅनॉट म्हणणार होते मुलाला?"

"हो, काका."

त्यांनी ताटातला बटाटा काट्याने इकडून तिकडे सरकवला. आत नळ चालू होता तो बंद झाला. इराने फोनवरून मान वर केली.

"मला हवं होतं गं," जोगकाका म्हणाले. त्यांचा आवाज साधाच होता. "फार हवं होतं. मला इथेच राहायचं होतं."

इतक्या वर्षांत या माणसाच्या तोंडून मला काही हवंय असं मी ऐकलं नव्हतं. पंखासुद्धा नाही, चहासुद्धा नाही. आणि तरीही मी चिडलेच. म्हणाले, "मग बोलायचं ना, काका."

"बोललो ना आता," ते म्हणाले, आणि उठून आमची ताटं उचलायला लागले.